अँटिबॉडीची बाटली बदलूनही एमएमपी-९ चा बँड ९२ वर येत नसेल तर

नाशिकच्या फार्मसी कॉलेजांत पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडून एकच तक्रार वारंवार कानावर येते. विस्टार रॅटच्या पाठीवर जखम केली, वनस्पतीच्या अर्काचं जेल लावलं, ठरलेल्या दिवशी जखमेची कातडी काढली, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) केला. एमएमपी-९ या जखमेतल्या एन्झाइमचा बँड (पट्टा) ९२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास यायला हवा होता. तिथे पुसट रेघ किंवा काहीच नाही. उलट ५५ ला आणि ६६ ला ठसठशीत बँड. "मॅडम, अँटिबॉडीच खराब आली," असं ठरतं आणि दुसऱ्या कंपनीची मागवली जाते. ती येईपर्यंत महिना जातो, फेलोशिपमधली मोठी रक्कम जाते, आणि नव्या बाटलीनंतरही बँड पुन्हा ५५ आणि ६६ लाच.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या अँटिबॉडी एकाच ठिकाणी एकसारखा चुकीचा बँड देत असतील, तर तो योगायोग नसतो. दोन्ही ब्लॉटमध्ये काय सारखं होतं ते पाहा: तीच कातडी, तोच बफर, तीच सेकंडरी (एमएमपीला धरणाऱ्या प्रायमरी अँटिबॉडीला चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी). शोध तिथून सुरू करायचा. प्रायमरी अँटिबॉडीवर शंका सगळ्यात शेवटी घ्यायची, कारण ती बदलणं सगळ्यात महाग आहे आणि तिने प्रश्न सुटण्याची शक्यता या तक्रारीत सगळ्यात कमी आहे.

आधी आपण काय शोधतोय ते नीट डोळ्यासमोर असू द्या. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरघळवणारं कोलॅजिनेज दाखवलं, तिथून मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या कुटुंबाची ओळख झाली. जखम भरताना जुनं मॅट्रिक्स (पेशींभोवतीची प्रथिनांची जाळी) तोडून नव्याला जागा करून देणं हे यांचं काम. एमएमपी-९ पेशीबाहेर येतं तेव्हा निष्क्रिय असतं; पुढच्या टोकाच्या प्रोपेप्टाइडमधलं एक सिस्टीन सक्रिय जागेतल्या झिंकला धरून बसलेलं असतं. प्रोपेप्टाइड तुटला की एन्झाइम जागं होतं. माणसात निष्क्रिय रूप ९२ आणि सक्रिय रूप ८२ च्या आसपास दिसतं. एमएमपी-२ चे आकडे ७२ आणि ६२ ते ६४. माऊसचं एमएमपी-९ मात्र १०५ ला येतं, कारण त्याची साखळीच ७३० अमिनो आम्लांची आहे, माणसाची ७०७ ची. म्हणून माऊसवरच्या पेपरमधला आकडा रॅटच्या ब्लॉटवर शोधू नका, आणि रॅटचा माऊसवर शोधू नका. प्रीस्टेन्ड लॅडरसुद्धा (शेजारच्या लेनमधली वजनं दाखवणारी रंगीत प्रथिनं) बफरनुसार थोडी सरकते. चार-पाच किलोडाल्टनच्या फरकाने घाबरायचं कारण नाही.

५५ चा बँड : सेकंडरीला विचारा

पहिला प्रयोग एका दुपारचा आहे आणि त्याला जवळजवळ काही खर्च नाही. ब्लॉटच्या मेम्ब्रेनची (प्रथिनं जिच्यावर उतरवतात त्या पडद्याची) एक पट्टी कापा, प्रायमरी अजिबात लावू नका, नेहमीप्रमाणे ब्लॉक करून थेट सेकंडरी लावा आणि डेव्हलप करा. ५५ चा बँड आला तर एमएमपीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं.

तो बँड बहुतेक वेळा रॅटच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या (आयजीजी, रक्तातल्या अँटिबॉडीच्या) जड साखळीचा असतो. ताज्या जखमेत रक्त आणि स्राव भरपूर, म्हणजे आयजीजी भरपूर. तुमची प्रायमरी माऊसमध्ये बनवलेली मोनोक्लोनल असेल तर सेकंडरी अँटी-माऊस असते, आणि माऊस व रॅट इतके जवळचे की अँटी-माऊस सेकंडरी रॅटच्या आयजीजीलाही धरते. जड साखळी ५० ते ५५ ला, हलकी साखळी २५ ला. इथे बरेच जण फसतात, कारण ९२ नीट दिसावा म्हणून आपण ८ टक्क्यांचं जेल लावतो आणि त्यातून २५ चा बँड खालून निघून जातो. ५५ चा बँड एकटाच उरतो आणि 'तुटलेलं सक्रिय एमएमपी' म्हणून प्रबंधात जातो. एकदा १२ टक्क्यांचं जेल चालवा. ५५ आणि २५ जोडीने आले तर शंकेला जागाच उरत नाही.

ज्यांचं काम एमएमपी-१, ३ किंवा १३ वर आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा आणखी गंभीर आहे. या तिघांची सक्रिय रूपं ४२ ते ४८ च्या पट्ट्यात येतात, म्हणजे जड साखळीच्या अगदी शेजारी. तिथे सेकंडरीची पट्टी चालवल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

उपाय दोन. रॅटच्या सिरमवर अ‍ॅडसॉर्ब केलेली (रॅटच्या आयजीजीला धरणारा भाग काढून टाकलेली) अँटी-माऊस सेकंडरी घ्या. डेटाशीटवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ती प्रायमरीपेक्षा बरीच स्वस्त पडते. किंवा पुढची प्रायमरी घेताना सशात बनवलेली घ्या. गोटमध्ये बनवलेली घेतली असेल तर दुधाच्या पावडरने ब्लॉक करू नका: गाईच्या दुधात गाईचं आयजीजी असतं आणि अँटी-गोट सेकंडरी त्याला धरते, मग सगळी मेम्ब्रेनच काळवंडते. तिथे बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) वापरतानाही त्यात आयजीजीचा अंश नाही ना, हे पाहून घ्या.

६६ चा बँड : पाँसो एस

ट्रान्सफर झाल्यावर मेम्ब्रेन पाँसो एस (प्रथिनं लाल दाखवणारा रंग) मध्ये बुडवून फोटो काढून ठेवायची सवय आपल्याकडे कमी आहे. ६६ ला जाडजूड लाल पट्टा दिसला तर तो अल्ब्युमिन आहे. इतकं प्रथिन एका जागी साचलं की आजूबाजूचे बँड दबतात, वाकडे होतात, आणि जास्त प्रमाणात लावलेली प्रायमरी तिथे उगीच चिकटते. कातडी काढल्याबरोबर थंड सलाइनमध्ये दोन-तीनदा नीट खळबळून, कापसाने टिपून, मगच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. हा मिनिटभराचा भाग घाईत सुटतो, आणि पुढचे कितीतरी दिवस त्यात जातात.

६५ ते ६६ चा प्रत्येक बँड मात्र खोटाच असतो असं धरू नका. एमएमपी-९ चं मागचं हीमोपेक्सिन टोक तुटलं तर सुमारे ६५ चा, काम करणारा तुकडा उरतो. तो खरा आहे की अल्ब्युमिनचा त्रास आहे, हे ब्लॉट सांगू शकत नाही. एन्झाइमला स्वतःला काम करायला लावलं तरच कळतं.

जिलेटिन झायमोग्राफी आधी करा, ब्लॉट नंतर

नाशिकसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाने हे तंत्र (जेलमध्येच एन्झाइमला जिलेटिन पचवायला लावून ते ओळखणं) हातात बसवावं असं मला मनापासून वाटतं. अँटिबॉडी लागत नाही, ब्लॉटचं ट्रान्सफर लागत नाही, केमिल्युमिनिसन्सचा कॅमेरा लागत नाही. साधं जेल उपकरण, ३७ अंशांचा इनक्युबेटर, जिलेटिन, ट्रायटन आणि कुमासी ब्लू एवढ्यावर होतं. बहुतेक कॉलेजांत हे सगळं आधीच असतं.

१० टक्क्यांच्या जेलमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम जिलेटिन मिसळून जेल ओता. सॅम्पल बफरमध्ये एसडीएस (प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) असतो, पण डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारी, म्हणजे 'रिड्यूस' करणारी रसायनं) नको, आणि सॅम्पल उकळायचं नाही. ब्लॉटची सवय असलेला हात नेमका इथेच सॅम्पल ९५ अंशांवर ठेवतो आणि एन्झाइम कायमचं मरतं, म्हणून नळीवर आधीच 'उकळू नये' असं लिहून ठेवा. जेल थंडीत चालवा. नंतर २.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये अर्ध्या अर्ध्या तासाने दोनदा धुवा, म्हणजे एसडीएस निघून एन्झाइम पुन्हा आकारात येतं. मग ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, त्यात ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, आणि रात्रभर ३७ अंश. सकाळी कुमासीने रंगवून डीस्टेन केलं की निळ्या जेलवर जिथे जिलेटिन पचलंय तिथे पांढरे पट्टे दिसतात.

या पद्धतीत निष्क्रिय ९२ चं रूपसुद्धा पांढरा पट्टा देतं, कारण एसडीएसने ते प्रोपेप्टाइडची पकड सोडतं. त्यामुळे ९२ आणि ८२ दोन्ही एकाच जेलवर, शेजारी ७२ आणि ६२ चं एमएमपी-२. एमएमपी-९ आणि एमएमपी-२ ची तुलना एकाच लेनमध्ये होते, तेही एकही अँटिबॉडी न खर्चता. जेलची एक पट्टी कापून ती १० मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये ठेवा. तिथले पट्टे नाहीसे झाले तर पचवणारं एन्झाइम मेटॅलोप्रोटिनेजच आहे. राहिले तर ते दुसरं काहीतरी आहे, उदाहरणार्थ सेरीन प्रोटिएज.

आता वाचन सोपं होतं. झायमोग्राममध्ये ९२ आहे आणि ब्लॉटवर नाही: सॅम्पल ठीक आहे, दोष ब्लॉटच्या पायऱ्यांत किंवा अँटिबॉडीत. दोन्हीकडे नाही: सॅम्पलमध्ये एन्झाइम नाही, किंवा काढताना गेलं. या दुसऱ्या स्थितीत नवी अँटिबॉडी मागवणं म्हणजे विहीर कोरडी असताना दोर बदलणं.

सॅम्पल बनवताना एन्झाइम कुठे जातं

बाजारात मिळणाऱ्या प्रोटिएज इनहिबिटर कॉकटेलपैकी बऱ्याच गोळ्यांत ईडीटीए असतो, आणि आपण ऊतक विरघळवायला जो रिपा बफर बनवतो त्यातही असतो. ब्लॉटसाठी तो चांगलाच, एमएमपी एकमेकांना आणि स्वतःला तोडत नाहीत. झायमोग्राफीसाठी मात्र तो झिंक आणि कॅल्शियम ओढून घेतो. म्हणून कातडीचे सुरुवातीलाच दोन तुकडे करा: एक ईडीटीएसहित बफरमध्ये ब्लॉटसाठी, दुसरा ईडीटीएविना झायमोग्राफीसाठी. एकाच होमोजिनेटवर दोन्ही भागवायला जाऊ नका.

पीएमएसएफ (सेरीन प्रोटिएज रोखणारं रसायन) वापरत असाल तर तो होमोजिनाइज करण्याच्या क्षणी घाला. पाण्यात तो तास-दोन तासांत बराचसा निकामी होतो. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरला तर घातलाच नाही असं समजा. जखमेत न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) भरलेले असतात आणि त्यांचं इलास्टेज कातडी बर्फावर असतानाही काम करत राहतं.

अजून एक जागा आहे जिकडे कोणी पाहत नाही: सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली बसलेला चोथा. एमएमपी-२ आणि ९ मध्ये जिलेटिनला घट्ट चिकटणारा भाग असतो, आणि कातडी म्हणजे मुख्यतः कोलॅजन. बरंचसं एन्झाइम त्या चोथ्यालाच धरून राहू शकतं. तो फेकून न देता एसडीएस असलेल्या बफरमध्ये विरघळवून एका लेनमध्ये चालवा. कित्येकदा हरवलेला ९२ चा बँड तिथे सापडतो.

याच चिकटण्याचा उलटा उपयोगही होतो. जिलेटिन-अ‍ॅगरोजचे मणी मिळतात. होमोजिनेट त्यांच्यावर फिरवलं की दोन्ही जिलेटिनेज मण्यांना चिकटतात, अल्ब्युमिन आणि आयजीजी बरेचसे धुतले जातात. मग मण्यांवरून एन्झाइम सोडवून ब्लॉट केला तर ५५ आणि ६६ दोन्ही त्रास एकदमच कमी होतात. ज्यांच्या सॅम्पलमध्ये रक्त टाळताच येत नाही त्यांनी अँटिबॉडीऐवजी या मण्यांवर खर्च करावा. फायब्रोनेक्टिनसुद्धा या मण्यांना चिकटतं, पण ते २०० किलोडाल्टनच्या वर असल्याने आड येत नाही.

कुठल्या दिवसाची जखम?

ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न आधी विचारते, आणि अर्ध्यांचा प्रश्न इथेच सुटतो. एमएमपी-९ जखमेच्या सुरुवातीच्या दिवसांत जास्त असतं, न्यूट्रोफिल आणि कडेने सरकणाऱ्या त्वचापेशींमधून. जखम भरत आली की ते उतरतं. नव्या ऊतकाची घडी बसवण्याच्या काळात एमएमपी-२ टिकून असतं. चौदाव्या दिवशी, कातडी जुळल्यावर, ९२ ला काही दिसलं नाही तर तो प्रयोगाचा दोष नसून निकाल असू शकतो. पण तो निकाल म्हणून मांडायचा तर त्याच ब्लॉटवर तिसऱ्या दिवसाची लेन हवी, ज्यात ९२ दिसतोय. आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे) प्रस्ताव देतानाच सुरुवातीच्या दिवसांचे प्राणी मागून ठेवा. नंतर वाढवून मागणं अवघड जातं.

पॉझिटिव्ह कंट्रोल नाही, ही खरी अडचण

मोठ्या संस्थांत एचटी-१०८० या माणसाच्या कर्कपेशींना पीएमए (पेशींना चेतवणारं रसायन) देऊन त्यांचं माध्यम कंट्रोल म्हणून वापरतात. त्यात एमएमपी-२ आणि ९ दोन्ही चांगले येतात. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून मागवता येतात, पण त्या जगवायला टिश्यू कल्चरची खोली हवी, आणि ती आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. पेशी वाढवत असाल तर शेवटचा दिवस सिरमविना ठेवा, कारण गाईच्या सिरममध्ये स्वतःचे जिलेटिनेज असतात आणि झायमोग्रामवर ते तुमच्या पेशींचे म्हणून मोजले जातात. पेशींचं बाहेर टाकलेलं माध्यम तपासताना अ‍ॅक्टिनने लोडिंग (प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रथिन आहे हे) दाखवू नका. ते पेशीच्या आतलं प्रथिन आहे. तिथे पाँसोचा फोटोच योग्य.

कल्चर नसेल तर न्यूट्रोफिल वापरा. एमएमपी-९ त्यांच्या कणिकांत तयारच साठवलेलं असतं. रॅटच्या रक्तातून ते वेगळे करून एकदाच भरपूर लायसेट बनवा आणि छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. माणसाच्या रक्तातून करायचे तर एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, आणि ब्लॉट रिड्यूस न करता चालवला तर १३० च्या आसपास आणखी एक बँड दिसेल. तो एमएमपी-९ आणि एनजीएएल (न्यूट्रोफिलमधलं दुसरं एक प्रथिन) यांच्या जोडीचा असतो, डीटीटी घातलं की सुटतो. ओरल सबम्यूकस फायब्रोसिसवर (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याचा आजार) काम करणाऱ्या डेंटलच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. रक्तातलं एमएमपी-९ मोजायचं असेल तर सिरम नको, प्लाझ्मा घ्या. रक्त गोठताना पेशी ते सोडतात आणि आकडा खोटा वाढतो.

आता अँटिबॉडीकडे

वरचं सगळं झालं, झायमोग्राममध्ये ९२ दिसतोय, सेकंडरीची पट्टी कोरी आहे, आणि तरी ब्लॉट रिकामा. आता डेटाशीट काढा. अँटिबॉडी एन्झाइमच्या कुठल्या भागाविरुद्ध बनवली आहे ते पाहा. प्रोपेप्टाइडविरुद्ध असेल तर सक्रिय ८२ कधीच दिसणार नाही, कारण तो भाग तिथे उरलेलाच नसतो. मूळ आकारातल्या प्रथिनाविरुद्ध बनवलेल्या काही मोनोक्लोनल उकळलेल्या, रिड्यूस केलेल्या सॅम्पलला ओळखत नाहीत. त्याच सॅम्पलची एक लेन डीटीटीविना चालवून पाहा. 'माणूस' एवढंच लिहिलं असेल आणि रॅटचा उल्लेख नसेल तर ती रॅटवर चालेल अशी अपेक्षा धरता येत नाही. 'अंदाजे चालावी' अशा शब्दांवर पैसे घालू नका. कंपनीकडे रॅटच्या ऊतकाचा ब्लॉट मागा.

साठवण हा नाशिकचा स्वतःचा विषय आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पार्सल मुंबईहून येतं, आणि वाटेत बर्फाच्या पिशव्या वितळल्या की सगळे धास्तावतात. आयजीजी त्यापेक्षा चिवट आहे, काही दिवसांच्या उष्णतेने ती सहसा मरत नाही. जास्त नुकसान लॅबमध्ये होतं. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर बर्फ काढण्यासाठी ठराविक वेळाने गरम होतो आणि आतली नळी दर वेळी वितळून गोठते. आल्या दिवशीच १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या भरा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ठेवा, तिथे ती द्रवच राहते. उणे ८० ला ठेवली तर गोठते आणि त्याचा काही फायदा नाही. सुट्टीच्या दिवशी वीज गेली होती का हे कळायला एका पेल्यात पाणी गोठवून वर नाणं ठेवा. नाणं खाली गेलेलं दिसलं तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

पातळ केलेली प्रायमरी सोडियम अझाइड घालून पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत सगळीकडे आहे, आणि पैशांच्या ओढाताणीत ती मी समजू शकते. पण 'पहिला ब्लॉट छान, पुढचे फिकट' ही तक्रार असेल तर कारण हेच. आणि अझाइड एचआरपी (बँड दाखवणारं एन्झाइम) लावलेल्या सेकंडरीत कधीच जाऊ देऊ नका, तो एचआरपीला बंद पाडतो. थंडीचा एक वेगळा त्रास आहे: डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी १० टक्के एसडीएसचा स्टॉक बाटलीत पांढरा होऊन बसतो. तसाच ढवळून घेतला तर प्रमाण चुकतं. कोमट पाण्यात बाटली ठेवून तो पूर्ण निवळू द्या, मग मोजा.

अँटिबॉडी बदलायचीच ठरली तर एन्झाइमच्या वेगळ्या भागाविरुद्धची घ्या, म्हणजे दोन्हींनी ९२ दाखवला तर त्याला पुरावा म्हणता येईल. ब्लॉकिंग पेप्टाइडने बँड गेला एवढ्यावर समाधान मानू नका. तीच अँटिबॉडी दुसऱ्या प्रथिनाला धरत असेल तरी पेप्टाइड तोही बँड घालवतं. प्रबंधात क्लोन, लॉट नंबर आणि आरआरआयडी (अँटिबॉडीचा ओळख क्रमांक) लिहा. पॉलिक्लोनलचा नवा लॉट आला की जुन्यातली एक नळी आणि न्यूट्रोफिल लायसेटची एक नळी राखून ठेवलेली असू द्या, आणि दोन्ही लॉट एकाच मेम्ब्रेनच्या दोन पट्ट्यांवर, एकाच दिवशी चालवा.